चुन्याची निवळी

माघ सरत आला की परतूरच्या मळ्यांतून हळद शिजल्याचा वास येऊ लागतो. ओली माती, पाल्याचा धूर आणि त्याच्या आत काहीतरी औषधासारखं कडवट. रुळांच्या पलीकडे मोठाल्या कढया चुलाणांवर चढतात, कंदांवर हळदीचाच पाला पसरतात, वर ओली पोती टाकतात, आणि दिवस कलेपर्यंत ती वाफ वाऱ्याबरोबर गावात येत राहते. जिनिंगच्या भिंतीवरून येते, शाळेच्या खिडकीतून येते, वाळत घातलेल्या लुगड्यांत शिरून बसते. गावातल्या बायकांना त्या वासानं लग्नसराई आठवते. माझे कान तापतात. कुणी काही बोललेलं नसतं, कुणी माझ्याकडे बघतही नसतं, तरी मी नकळत दोन्ही हात पदराखाली घेते.

यंदा तो वास आला तेव्हा आत्या घरात नव्हती. पौषात ती गेली. तिच्या चष्म्याची डबी अजून कोनाड्यात आहे, आणि काच पुसायला ती जुन्या लुगड्याचा जो तुकडा वापरायची तो डबीखाली घडी करून ठेवलेला आहे. भेटायला माणसं येतात. दिवस दंग्याधोप्याचे आहेत, गाडी वेळेवर येईलच याचा भरवसा नाही, तरी तिच्या जुन्या विद्यार्थिनी बदनापूरहून, जालन्याहून येऊन गेल्या. त्या रडतात, मीही रडते. पण रडता रडता एक जागा अशी येते की डोळे एकदम कोरडे होतात आणि तिथं शरम उभी असते. मग पुन्हा आत्याची बोटं आठवतात, खडूनं पांढरी झालेली, आणि पुन्हा रडू येतं. ज्या माणसाचा शोक करायचा त्याचीच लाज वाटते, हे कुणाला सांगणार?

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. संसार कळायच्या आधीच तिचं कुंकू पुसलं गेलं. आजोबांनी तिला घरी बसवण्याऐवजी शिकवलं, आणि पुढं परतुरात मुलींची शाळा निघाली तेव्हा ती तिथं बाई झाली. शाळा म्हणजे जिनिंगच्या मालकानं दिलेली एक लांब ओसरी, पुढं अंगण आणि मागच्या बाजूला कापसाच्या गासड्यांची थप्पी. यंत्र सुरू झालं की कापसाचे तंतू हवेत तरंगायचे. आमच्या वेण्यांत अडकायचे, पाटीवर बसायचे. आत्या आधी पाटीवर फुंकर मारायची, मग अक्षर तपासायची. तिचा आवाज कधी चढत नसे. चुकलेल्या मुलीला ती फक्त म्हणायची, "परत बघ." तिच्या मते बघितलं की कळतंच. न कळणाऱ्या माणसाला नीट दाखवलेलं नसतं, एवढंच.

मी सांगते आहे त्या वर्षी हळद शिजत असतानाच औरंगाबादहून एक डॉक्टर जादूचा कंदील घेऊन गाडीनं आले. पटकीचा उन्हाळा तोंडावर होता. जिनिंगच्या गोदामात भरदुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता, चटयांचा आडपडदा करून बायकांना एका अंगाला बसवलं होतं. मी आत्याच्या मांडीला टेकून होते. ताणून बांधलेल्या धोतरावर गोल उजेड पडला आणि त्यात काळेनिळे, वाकडे, अगदी स्वल्पविरामासारखे ठिपके दिसले. डॉक्टर उर्दूत सांगत होते की हे पटकीचे जरासीम, म्हणजे जंतू, हे डोळ्यांना दिसत नाहीत, हातातून पाण्यात जातात आणि पाण्यातून पोटात. पडद्यापलीकडून एका बाप्यानं विचारलं की हे कोणत्या गावच्या पाण्यातलं. चित्राची काच हैदराबादहून आली, असं डॉक्टरांनी सांगितलं. "मंग बराबर हाय," तो म्हणाला, "शहरातलं पानी खराबच." सगळे हसले. माणसं उठली, बाहेरच्या रांजणात गडवा बुडवून पाणी प्याली आणि घरी गेली. माझ्या आईनं चित्रं छान होती असं सांगितलं, कापडावरच्या नक्षीबद्दल सांगावं तसं.

आत्याच्या डोक्यात मात्र ते दोन दिवस घोळत राहिलं. मग जेवताना एकदम म्हणाली, "डॉक्टरांनी दुसऱ्याचं पाणी दाखवलं. आपला हात दाखवायला पाहिजे."

हात दाखवायचा कसा, हे तिला सुचलं ते हळदीवरून. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे बायकांना शिकवावं लागत नाही. कुंकू तसंच होतं. आत्यानं पानाचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला. सकाळी गाळ खाली बसला आणि वर स्वच्छ निवळी उरली. दिसायला नुसतं पाणी. तिनं तळहाताला तेलात कालवलेली हळद लावली, फडक्यानं पुसली, पितळेच्या तांब्याला, दाराला, माझ्या गालाला हात लावला. कुठं काही दिसेना. मग कडुलिंबाच्या डहाळीनं निवळी शिंपडली, आणि तांब्याच्या गळ्याभोवती बोटं उमटली, लालभडक. आई चुलीपुढून उठून आली. आत्याचे पिवळे हात पाहून तिच्या तोंडून निघून गेलं, "वन्सं, हात कुणाकडून पिवळे करून आलात?" आणि लगेच तिनं जीभ चावली. आत्या हसली. आयुष्यात इतक्या वर्षांनी तिच्या हाताला हळद लागली होती, ती धड्यासाठी. चिंच आणि राख लावून तिनं हात घासले, तरी नखांच्या कडांना पिवळेपणा राहिलाच. त्या दिवसांत ती फार आनंदात होती. मला तिची ती नखं अजून दिसतात.

शाळेत पहिला प्रयोग मथुराच्या हातावर झाला. मथुरा कापसाच्या अडत्याची मुलगी, एका जागी न बसणारी. आत्यानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन, बाळाला तेल लावावं तसे, हळदतेलानं चोळले आणि पुसले. दुपारी निवळी शिंपडली तर माठाचा काठ लाल, ओगराळ्याची दांडी लाल, दाराची कडी लाल, पुढं बसणाऱ्या मुलीची वेणी लाल, आणि मथुराची स्वतःची हनुवटीसुद्धा. आम्ही हसून हसून लोळलो. "बाई, मी एवढी हिंडले?" मथुरा विचारत होती. आत्या म्हणाली, "तू नाही हिंडलीस. तुझा हात हिंडला. रोगाचे जंतूही असेच हिंडतात. त्यांना रंग नसतो एवढाच फरक." मग तिनं मथुराला रिठ्यानं हात धुवायला लावले आणि पुन्हा स्वच्छ पाटीला हात लावायला सांगितला. निवळी पडली, पाटी काळीच राहिली. त्या दिवशी धडा किती सुरेख बसला होता. मी आज शिकवणारी बाई आहे, पण एवढ्या थोड्या सामानात एवढं शिकवणं मला कधी जमलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आत्यानं आयांना बोलवायचं ठरवलं.

आता सोनाबद्दल सांगायला हवं. इथं मी बराच वेळ लेखणी धरून बसले.

सोनाचा बाप रेल्वेच्या रुळांवर गँगमन होता. त्यांची वस्ती गावाबाहेर, रुळांच्या खालच्या अंगाला. तिला शाळेत घ्यावं म्हणून आत्याच भांडली होती. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी शेवटी परवानगी दिली ती ओसरीच्या खालच्या पायरीपुरती. सोना पायरीवर बसे, तिथूनच पाढे म्हणे. तिला पाणी वरून ओंजळीत मिळे, खडू वरून मिळे, संक्रांतीचा तिळगूळही वरूनच. माठाला ती हात लावत नसे, दाराला लावत नसे. हे सगळं इतकं रोजचं होतं की ते डोळ्यांना दिसत नसे.

आणि आत्याला दिसत नव्हतं ते गासड्यांच्या मागं होतं. मधल्या सुट्टीत आत्या शिधा निवडत बसे, तेव्हा आम्ही थप्पीच्या मागं जायचो. तिथं ओसरी नव्हती आणि पायरीही नव्हती. सोनासारखी फुगडी कुणाची नव्हती. ती मनगट धरायची, बोटं नाही. अंग पार मागं झोकून द्यायची, आणि तरी तुम्ही पडणार नाही असा विश्वास तिच्या पकडीत असायचा. आकाश, कापूस, भिंत, सोनाचे दात, सगळं गरगर एक व्हायचं. तिच्यासाठी रांग लागायची. यात काही चोरून करतो आहोत असं आम्हाला वाटत होतं का? थोडं वाटत असावं, कारण घंटा झाली की आम्ही दोघी दोघी परत जायचो आणि सोना वळसा घालून एकटी यायची. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

आया आल्या त्या सकाळी आत्यानं हळद सोनाला लावली. लावली म्हणजे तिनं पळीनं वरून तिच्या तळहातावर सोडली आणि चोळ म्हणाली. मी शेजारी डहाळ्या घेऊन उभी होते. मथुराचे हात आत्यानं स्वतः चोळले होते आणि सोनाचे सोनानं, हे मी पाहिलं, पण त्यात पाहण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नाही. सोनानं फार मन लावून चोळले. आपली निवड झाली म्हणून तिचा चेहरा नुसता उजळला होता.

दुपारी सतरंजीवर आया बसल्या. माझी आई होती, मथुराची आई होती, गल्लीतल्या बहुतेक सगळ्या होत्या. आत्यानं मथुराच्या हाताची गोष्ट सांगितली, मग म्हणाली की आज सकाळपासून हळद या सोनाच्या हाताला आहे, आता फरक बघा. तिनं माठावर निवळी शिंपडली. काही नाही. ओगराळ्यावर शिंपडली, काही नाही. दाराच्या कडीवर, आमच्या पाट्यांवर, कुठं काही नाही. फक्त खालच्या पायरीवर दोन लाल पंजे उमटले. बायका माना डोलवू लागल्या. हात जागेवर राहिला, स्वच्छ राहिला, की घर वाचतं, हे आत्याला सांगायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर उमटताना तिला दिसत होतं.

तेवढ्यात मथुरा पुढं झाली. गेल्या आठवड्याची गंमत तिच्या अंगात होती. "बाई, माझ्या हातावर टाका की."

आत्यानं हसत डहाळी झटकली. मथुराच्या मनगटाभोवती चार बोटं लाल झाली.

मग सगळ्याच पुढं झालो. मेंदीला हात करावेत तसे आम्ही हात केले. आत्याचा हात आपोआप चालत होता, किंवा तिला थांबता येत नव्हतं, मला माहीत नाही. एकीच्या मनगटाला लाल वेढा, दुसरीच्या, तिसरीच्या, माझ्या. आम्ही एकमेकींना दाखवत होतो. समोरच्या सतरंजीवर डोलणाऱ्या माना थांबल्या होत्या. त्या सगळ्या बायका लहानपणी फुगड्या खेळल्या होत्या. ती पकड कसली, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मथुराची आई उठली. ती रागावलेली नव्हती. फार आदरानं बोलली. "बाई, आजवर हे दिसत न्हवतं. आज तुमी दाखिवलं. कसं चढत जातंय ते बिलकुल कळलं. लई उपकार झाले." तिनं मथुराला दंडाला धरलं, मनगट टाळून, आणि घेऊन गेली. तिच्यामागं एकेक जण उठली.

ओसरी रिकामी होत होती. माझ्या आईनं मला उठवलं. आत्या हातात डहाळी घेऊन उभी होती आणि डहाळीतून निवळीचे थेंब तिच्या पांढऱ्या लुगड्यावर पडत होते. खालच्या पायरीवर सोना दोन्ही तळहात पुढं करून उभी होती. तिला अजून काही कळलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "माझा राह्यला."

"उद्या," आत्या म्हणाली.

विहिरीवर आईनं माझ्या हातांवर राख टाकली आणि घासायला लागली. मी काय केलं, असं मी विचारलं. "काही न्हाई केलंस. हात पुढं कर." तिनं मान वर केली नाही. कातडी हुळहुळेपर्यंत तिनं घासलं. त्या दिवशी मला माझ्या मनगटांची लाज वाटली, आणि ती मी बरीच वर्षं खरी धरून चालले. तिच्या जागी दुसरी लाज यायला फार उशीर लागला.

सोना दुसऱ्या दिवशी आली नाही. मंडळींनी तिला काढावं असा ठराव वगैरे काही करावा लागला नाही. आत्या एका संध्याकाळी रुळांकडे जाऊन आली. सोनाचा बाप दारात आला, हात जोडून, अंतर राखून उभा राहिला, आणि एवढंच म्हणाला, "बाई, पोरीला तुमी शिकिवलं तेवढं बास झालं." आत्या घरी येऊन न जेवता झोपली.

धडा मात्र गावात राहिला. बायका बाहेरून आल्यावर हात घासू लागल्या, विशेषतः काही ठिकाणांहून आल्यावर. पोरगी कुणाच्या अंगणात रेंगाळली की आई दारातून ओरडायची, "चुना टाकून बघू का?" त्यावर पोरगी पळत घरी. पुढं ते थट्टेत गेलं, नवऱ्याला बाजारातून यायला उशीर झाला तरी बायका तेच विचारायच्या आणि हसायच्या. त्या उन्हाळ्यात पटकी आली तेव्हा आमच्या गल्लीत माणसं कमी गेली, असं अजून सांगतात. रुळांखालच्या वस्तीत किती गेली, ते कुणी सांगत नाही. मीही कधी विचारलं नाही.

डोळ्यांना न दिसणारं दाखवावं म्हणून आत्यानं तो खटाटोप केला. तिचा विश्वास होता की दिसलं की माणसाला कळतं. त्या दुपारी सगळ्यांना दिसलं. मुलींचे हात एकमेकींत गुंतलेले होते, हेही त्यात स्पष्ट दिसत होतं. पण बायकांनी त्यातलं तेवढंच घेतलं, जे त्या घरून येताना बरोबर घेऊन आल्या होत्या. या विचारानं मी आत्याला पुष्कळ वर्षं सोडवत होते. चूक पाहणाऱ्यांची, दाखवणारीची नाही, असं मनाशी म्हणत होते. मग तिच्या शेवटच्या आजारात, एका दुपारी मी तिच्याजवळ तांदूळ निवडत होते, तेव्हा तिनं न विचारता सांगितलं.

"मी तिलाच का निवडलं, ठाऊक आहे? मला वाटलं, हिचा हात कुठंच लागत नाही. धडा स्वच्छ होईल."

मी खाली बघून खडे काढत राहिले. जी पायरी मोडावी म्हणून ती भांडली होती, त्याच पायरीवर तिनं विसंबून धडा रचला होता. तिच्यासारख्या माणसाच्या हातून हे व्हावं, आणि ते इतकं सहज व्हावं, याची शरम मला तिच्या वतीनं वाटते, आणि तिचीच बोटं धरून मी अक्षरं गिरवली म्हणून माझ्याही वतीनं वाटते.

आता त्या शाळेत मी शिकवते. परवा हेडमास्तरांनी बोलावलं. आत्याच्या मासिक श्राद्धाच्या दिवशी शाळेत चार शब्द व्हावेत, आणि आत्याबाईंचा तो हळदीचा धडा मीच करून दाखवावा, असं मंडळींचं म्हणणं आहे. पुन्हा उन्हाळा येतो आहे, आया येतील. मास्तर मनापासून बोलत होते. "तसा धडा न्हाई पाह्यला आम्ही पुन्हा," ते म्हणाले. मी बघते म्हणाले. आणि काल, नवी हळकुंडं मिळतील म्हणून, पिशवी घेऊन रुळांपलीकडच्या मळ्यात गेले.

कढया थंड झाल्या होत्या. वाळलेली हळकुंडं पोत्यांवर घासून उजळवायचं काम चाललं होतं. धुळीनं बायकांचे चेहरे, पापण्या, केस सगळं पिवळं. सगळ्या गावाची लग्नं, सगळ्या देव्हाऱ्यांतली हळद या हातांतून जाते आणि त्याला कुणाची ना नसते. त्यांतली एक उठून माझ्याकडे आली. आधी मला हात ओळखू आले, कोपरापर्यंत पिवळे, रुंद मनगटांचे. मग दात.

"बाई गेल्या म्हनं," सोना म्हणाली.

"पौषात गेली."

"गाडीवरच्यांनी सांगितलं. मी येनार व्हते." यायचं म्हणजे कुठपर्यंत, हे आम्हा दोघींनाही एकदमच सुचलं असावं. पोत्यांच्या ढिगाआडून एक लहान मुलगी आमच्याकडे बघत होती. माझी नजर गेलेली पाहून सोना म्हणाली, "माझी. अक्षरं काढती मातीत, मी दाखविल्याली." आत्यानं शिकवलेली, म्हणजे. मी म्हणाले, शाळेत पाठव, आता मीच आहे तिथं, आत बसवीन.

तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग मला विचारलं, रागानं नाही, खरंच माहिती हवी म्हणून, "शाळंत अजून हळद लावतेत का?"

"नाही," मी म्हणाले.

म्हणताना ते खरं नव्हतं. म्हणून झाल्यावर ते खरं करणं मला भाग होतं, आणि मास्तरांना आज सकाळी मी तसं सांगून आले. एवढा चांगला धडा का नको, हे त्यांना कळलं नाही.

"मंग बघू," सोना म्हणाली. पोरीकडे पाहून ती बघू म्हणाली, त्यात होकार होता की नाही ते मला ओळखता आलं नाही. तिनं खाली वाकून मूठभर हळकुंडं उचलली, निवडून, न मोडलेली. मी पिशवी बाजूला ठेवली आणि तळहात पुढं केला. तिनं मूठ माझ्या हातावर आणली. मी हात थोडा वर नेला. तिनं आपला तेवढाच वर नेला, आणि वरूनच मूठ उघडली.